वेदर आणि क्लायमेट: खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शेतकरी इंग्रजीतल्या या दोन शब्दांबद्दल जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. परीक्षेत चार वाक्यं बरोबर यावीत, एवढ्यापुरतं हे नाही. केळीचा विमा, पावसाचा अंदाज, पारावर रंगणारा ‘क्लायमेट चेंज खरं की खोटं’ हा वाद, या सगळ्यांत एका शब्दाच्या जागी दुसरा आला की निष्कर्ष चुकतो, आणि शेती करणाऱ्याला ती चूक महाग पडते. म्हणून काही उत्तरं मुद्दाम लांब ठेवली आहेत.

थोडक्यात फरक सांगा.

वेदर म्हणजे एखाद्या ठिकाणची आत्ताची, आजची किंवा या आठवड्यातली हवेची स्थिती. तापमान किती, वारा कुठला, ढग आहेत का, पाऊस पडतोय का, दमटपणा किती, हे सगळं त्यात आलं. क्लायमेट म्हणजे त्याच ठिकाणी ही स्थिती वर्षानुवर्षं साधारण कशी राहते ते. ‘भुसावळला आज ४५ अंश आहे’ हे वेदर. ‘भुसावळचा मे महिना कडक असतो’ हे क्लायमेट.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना हे भावावरून लगेच कळेल. आज केळीला काय भाव निघाला ही एक माहिती. श्रावणात भाव साधारण कुठे असतो, हे अनेक वर्षं पाहून झालेलं ज्ञान ही दुसरी. आज भाव पडला म्हणून श्रावणाबद्दलचं ज्ञान खोटं ठरत नाही, आणि त्या ज्ञानावरून उद्याचा भाव सांगता येत नाही.

कोणता शब्द वापरायचा असा प्रश्न पडला, तर आपण किती काळाबद्दल बोलतोय हे आधी स्वतःला विचारा. पुढची बहुतेक उत्तरं त्यातूनच निघतात.

मराठीत दोन्हींना ‘हवामान’च म्हणतात ना?

बोलताना म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. शाळेच्या भूगोलात मात्र दोन शब्द नीट वेगळे केले आहेत: वेदरला ‘हवा’ आणि क्लायमेटला ‘हवामान’. पण वर्गाबाहेर आलं की ‘हवामान अंदाज’ हा वेदरचा असतो, ‘हवामान बदल’ हा क्लायमेटचा असतो, आणि हवामान खातं तर दोन्ही कामं करतं. ‘आजचं हवामान कोरडं राहील’ हे वाक्य रोज बातम्यांत ऐकणाऱ्या मुलाला पुस्तकातली व्याख्या उलटी वाटली, तर त्यात त्याचा दोष नाही.

म्हणून ‘हवामान’ हा शब्द इंग्रजीत नेताना त्याच्या शेजारचा शब्द बघा. आज, उद्या, सकाळी, अंदाज, इशारा असं काही असेल तर वेदर. प्रदेश, उष्ण, समशीतोष्ण, बदल, दीर्घकालीन असं काही असेल तर क्लायमेट.

आपल्या बोलीत क्लायमेटसाठी अस्सल शब्द आहेत, ते विसरू नयेत. ‘तिथलं हवापाणी त्याला मानवलं’ या वाक्यातलं हवापाणी म्हणजे क्लायमेट. आजचं हवापाणी कसं आहे, असं कुणी विचारत नाही. हवापाणी गावाचं असतं, दिवसाचं नसतं. आजारातून उठलेल्या माणसाला हवापालटासाठी पाठवायचे, तेव्हाही वेगळ्या क्लायमेटमध्येच पाठवायचे. दुसरीकडे ‘आभाळ आलंय’, ‘उघडीप पडली’, ‘झड लागली’, ‘वातावरण बिघडलं’ हे सगळं वेदर. अहिराणीत ‘पानी पडी ऱ्हायना’ (पाऊस पडतोय) म्हटलं की ते वेदर, आणि उन्हाया, पावसाया, हिवाया ही क्लायमेटची घडी.

बुऱ्हाणपूरकडचा हिंदी शेजार असल्यामुळे ‘मौसम’ हा शब्दही आपल्याकडे कानावर पडतो. हिंदीत मौसम म्हणजे वेदर आणि जलवायू म्हणजे क्लायमेट, म्हणजे हिंदीत फाळणी स्वच्छ आहे. मौसम हा शब्द मूळचा अरबी, अर्थ ‘ऋतू’ किंवा ‘ठरलेला काळ’. त्याच शब्दावरून पोर्तुगीजमार्गे इंग्रजीतला मान्सून आला. मराठीत ‘मोसम’ अजूनही त्या मूळ अर्थाच्या जवळ आहे.

‘टुडे द क्लायमेट इज व्हेरी नाइस’ हे चूक का?

कारण ‘टुडे’ आणि ‘क्लायमेट’ एकत्र नांदत नाहीत. तोरणमाळला धुकं उतरलं, गार वारा सुटला, की फोटोखाली हे वाक्य हमखास येतं. भारतभर असं बोललं जातं आणि ऐकणाऱ्याला अर्थही कळतो. पण परीक्षेत, मुलाखतीत किंवा बाहेरच्या देशातल्या माणसाशी बोलताना ते खटकतं. ‘द वेदर इज लव्हली टुडे’ म्हणा. क्लायमेट वापरायचाच असेल तर वाक्य बदला: ‘तोरणमाळ हॅज अ कूल, प्लेझंट क्लायमेट’. हे तोरणमाळबद्दलचं कायमचं विधान झालं, आणि ते खरंही आहे. सातपुड्यात हजार मीटरहून उंच असलेली ती जागा खालच्या शहाद्यापेक्षा थंडच असते.

शाळेत दांडी झाली तर अर्जात ‘ड्यू टू बॅड क्लायमेट’ लिहू नका. ‘ड्यू टू बॅड वेदर’.

‘अ बॅड वेदर’ की ‘बॅड वेदर’?

‘बॅड वेदर’. वेदर हे नाम मोजता येत नाही, त्यामुळे आधी ‘अ’ लागत नाही आणि एरवी अनेकवचनही होत नाही. ‘व्हॉट अ लव्हली वेदर’ चूक, ‘व्हॉट लव्हली वेदर’ बरोबर. अनेकवचनाचा एक अपवाद रूढ आहे, ‘इन ऑल वेदर्स’, म्हणजे ऊन-पाऊस-थंडी काहीही असो. क्लायमेट मात्र मोजता येतं: ‘अ ड्राय क्लायमेट’, ‘हॉट क्लायमेट्स’.

बाहेरगावच्या माणसाने ‘व्हॉट इज द क्लायमेट लाइक इन जळगाव?’ विचारलं तर काय सांगायचं?

आत्ता खिडकीबाहेर काय चाललंय ते सांगू नका. त्याला वर्षभराचं चित्र हवं आहे: मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कडक उन्हाळा, जून ते सप्टेंबर पाऊस, नंतर ऑक्टोबरचा उकाडा, डिसेंबर-जानेवारीत चांगली थंडी. त्याच थंडीत वांग्याच्या भरताच्या पार्ट्या होतात, हेही जरूर सांगा. क्लायमेट माणसांच्या सवयींतूनही कळतं.

त्याने ‘व्हॉट इज द वेदर लाइक?’ विचारलं, तर मात्र खिडकीबाहेर बघून उत्तर द्या. हाच प्रश्न ‘हाऊ इज द वेदर?’ असाही विचारता येतो. ‘हाऊ इज द वेदर लाइक?’ ही दोन्हींची सरमिसळ चुकीची आहे.

स्पेलिंगमध्ये नेहमी गडबड होते.

हवेच्या वेदरमध्ये डब्ल्यूनंतर ई-ए. ‘येईल की नाही’ या अर्थाचा व्हेदर डब्ल्यू-एचने सुरू होतो आणि त्यात ए नाही. बहुतेक इंग्रज माणसं दोन्हींचा उच्चार सारखाच करतात, त्यामुळे कानावर विसंबू नका.

क्लायमेट ठरवायला किती वर्षं लागतात? एक-दोन वर्षं पुरत नाहीत?

जागतिक हवामान संघटनेची रूढ पद्धत ३० वर्षांची आहे. सध्या १९९१ ते २०२० हा काळ आधाराला धरतात. एवढी वर्षं घेण्यामागे कारण आहे. आपल्याकडे एक वर्ष धो-धो जातं, पुढचं कोरडं जातं. २०२३ चा मान्सून देशभरात सरासरीच्या ९४ टक्के झाला, २०२४ चा १०८ टक्के. नुसतं २०२३ पाहणारा म्हणेल पाऊस आटला, नुसतं २०२४ पाहणारा म्हणेल वाढला. अशा चढउतारांचा तोल साधला जावा एवढा लांब काळ घेतला, की मगच त्या प्रदेशाचा कल दिसतो.

क्लायमेट म्हणजे नुसती सरासरी, असंही समजू नका. चढउतार किती होतात, टोकाच्या गोष्टी किती वेळा घडतात, हेही त्यातच येतं. सरासरी पाऊस सारखा असलेल्या दोन तालुक्यांत एकाकडे तो सावकाश पडत असेल आणि दुसऱ्याकडे चार झडींत संपत असेल, तर दोघांचं क्लायमेट एक नाही. कोरडवाहू कापूस लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

‘सामान्य पाऊस’ म्हणजे नेमका किती? गावात तर काहीच पडला नाही!

बातमीतला ‘सामान्य’ हा क्लायमेटमधून आलेला शब्द आहे, आणि तो वेदरवर लावला जातो. हवामान खातं जून ते सप्टेंबरचा देशाचा पाऊस १९७१ ते २०२० च्या सरासरीशी ताडून पाहतं. ती सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. ९६ ते १०४ टक्के झाला तर सामान्य, ९० च्या खाली गेला तर तुटीचा. जिल्ह्यासाठी मोजमाप ढिलं आहे: सरासरीपेक्षा १९ टक्के कमी किंवा १९ टक्के जास्त, एवढ्या पट्ट्यात असेल तर तो सामान्यच.

म्हणजे देश सामान्य, जिल्हा सामान्य आणि तुमचं शिवार कोरडं, असं एकाच वेळी होऊ शकतं. त्यात कुणी खोटं बोलत नसतं. शिवाय तो पाऊस कधी पडला, हे या आकड्यात दिसत नाही. पेरणीनंतर तीन आठवडे उघडीप आणि मग चार दिवसांत सगळी बेरीज पूर्ण, तरी शेवटी कागदावर ‘सामान्य’च येतं. म्हणून दुबार पेरणीची वेळ आलेल्या माणसाला ‘यंदा पाऊस सामान्य आहे’ हे वाक्य ऐकवू नये.

अंदाजातले शब्दही असेच मोजून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त चौथाई केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे चौथाई ते निम्म्या. त्यापुढे ‘बऱ्याच ठिकाणी’, आणि पाऊणपेक्षा जास्त असेल तर ‘बहुतांश ठिकाणी’. मुसळधार पाऊस म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. हे सगळं वेदरचं शब्दभांडार आहे.

गाडीत ४९ अंश दाखवतं, बातमीत ४४. खरं कोणतं?

दोन्ही आकडे खरे, पण वेगवेगळ्या गोष्टींचे. हवामान केंद्रातला तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ठेवतात. त्याला ऊन थेट लागत नाही, वारा मात्र लागतो. तो हवेचं तापमान मोजतो. गाडीचा मापक डांबर आणि इंजिन यांची धगही धरतो. मोबाइलवरचा ‘फील्स लाइक’ हा दमटपणा आणि वारा धरून काढलेला अंदाज असतो. आज बाहेर जावं की नाही हे ठरवायला तो उपयोगी आहे, पण नोंदवहीत त्याला जागा नाही. दशकांमागून दशकं एकाच पद्धतीने मोजलं, तरच त्यातून क्लायमेट काढता येतं. पद्धत दरवर्षी बदलली तर जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी ठेवताच येणार नाहीत.

भुसावळला ४३ असताना उष्णतेची लाट जाहीर होत नाही, आणि कोकणात ३८ला होते. हा अन्याय नाही का?

नाही. हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे दोन्ही शब्द एकाच नियमात येतात. मैदानी भागात लाट म्हणायला दोन अटी आहेत: कमाल तापमान किमान ४० अंश हवं, आणि ते त्या जागेच्या त्या दिवसांतल्या नेहमीच्या तापमानापेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून जास्त हवं. हा फरक ६.४ च्या पुढे गेला की तीव्र लाट. किनाऱ्यासाठी ४० ऐवजी ३७ची अट आहे. आता ‘नेहमीचं तापमान’ म्हणजे क्लायमेट आणि आजचं म्हणजे वेदर. भुसावळचं मे महिन्यातलं नेहमीचं तापमानच चाळिशीच्या वर असतं, म्हणून ४३ तिथे फारसं वेगळं ठरत नाही.

ज्या ठिकाणी नेहमीचंच तापमान एवढं जास्त आहे, तिथे फरकावर विसंबून चालत नाही. त्यासाठी आणखी एक नियम आहे: थेट ४५ अंश गाठले की लाट, ४७ गाठले की तीव्र लाट, मग नेहमीचं काहीही असो. माणसाच्या शरीराला सरासरी कळत नाही. लाट जाहीर झाली नाही म्हणून ४३ अंशांत भर दुपारी केळीचे घड वाहणाऱ्या मजुराला त्रास होणार नाही असं नाही. त्याला पाणी, सावली आणि दुपारची सुटी लागतेच.

‘हवामान आधारित फळपीक विमा’ यातलं हवामान कोणतं?

वेदर. इंग्रजी नावातही वेदरच आहे, आणि या एका शब्दावर भरपाई अवलंबून असते. या योजनेत आधी ठरवलेली प्रमाणकं असतात: ठरावीक महिन्यांत, सलग ठरावीक दिवस, तापमान ठरावीक आकड्याच्या खाली किंवा वर गेलं तर ठरलेली रक्कम. ते तापमान तुमच्या मळ्यात मोजत नाहीत, महसूल मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्रावर मोजतात. म्हणून तुमच्या बागेत पानं करपली पण केंद्रावर आकडा अर्ध्या अंशाने हुकला, तर पैसे मिळत नाहीत. उलट केंद्रावर आकडा लागला तर बाग धडधाकट असूनही मिळतात. गारपिटीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं आणि तिचं नुकसान ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं.

‘यंदा क्लायमेट फार खराब होतं’ असं लिहून दिलेल्या अर्जाने काही होत नाही. कोणत्या तारखा, कोणतं मंडळ, केंद्रावरची नोंद काय, एवढंच विचारलं जातं. हंगाम चालू असतानाच आपल्या मंडळाच्या रोजच्या नोंदी उतरवून ठेवा. केंद्र झाडाखाली किंवा भिंतीला चिकटून उभं असेल, बंद पडलं असेल, तर त्याच वेळी लेखी कळवा. नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं, आणि कष्टाने बाग उभी करणाऱ्याला असं रिकाम्या हाताने परत यावं लागतं, याचं वाईट वाटतं.

क्लायमेट या योजनेत दुसऱ्या बाजूने येतं. धोका किती वेळा येतो हे मागच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून काढतात आणि त्यावर हप्त्याचा दर बसतो. म्हणजे हप्ता क्लायमेट पाहून ठरतो आणि भरपाई वेदर पाहून.

केळीची मृगबाग लावावी की कांदेबाग, हे वेदर पाहून ठरवायचं का?

लागवड क्लायमेट पाहून, रोजची कामं वेदर पाहून. जून-जुलैत लावायची मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लावायची कांदेबाग ही दोन वेळापत्रकं आपल्या वाडवडिलांनी अनेक हंगामांच्या अनुभवातून बसवली. कोणत्या अवस्थेत बागेला थंडी गाठेल, निसवण (घड बाहेर पडणं) कधी होईल, घड ऐन उन्हात सापडतील का, याचा तो हिशोब आहे. बांधावर पश्चिमेचा वारा अडवायला शेवरी लावणं हाही क्लायमेटचा निर्णय. वारा त्या महिन्यांत येणारच, हे ठाऊक असतं.

उद्या पहाटे पारा उतरणार म्हणून आज रात्री बागेला पाणी देणं, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करणं हा वेदरचा निर्णय. थंडीत केळीची वाढ मंदावते, निसवताना घड खोडातच अडकतो, हे प्रत्येक केळीवाल्याला माहीत आहे. ढगाळ, दमट दिवस लागले की पानांवरच्या करपा रोगावर लक्ष ठेवणं हेही वेदरचंच काम.

एखाद्या वर्षी जून कोरडा गेला म्हणून पुढच्या वर्षीचं सगळं वेळापत्रक फिरवू नका. तो एका वर्षाचा प्रकार असेल. पण दहा-पंधरा वर्षं तेच तेच होत असेल, तर जुनं वेळापत्रक तपासायलाच हवं. अशा वेळी कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातल्या माणसांशी बोला.

‘मृग लागला’, ‘हत्तीचा पाऊस’ हे काय म्हणायचं?

मृग आणि हत्ती (म्हणजे हस्त) ही नक्षत्रं. नक्षत्रांचं गणित सूर्याच्या स्थानावर चालतं, म्हणून ते दरवर्षी जवळपास त्याच तारखांना येतं. मृग साधारण ७-८ जूनला. एकेक नक्षत्र सुमारे १३-१४ दिवसांचं. त्या पट्ट्यात साधारण कसा पाऊस होतो हे पिढ्यांनी बघून ठेवलं, म्हणजे ते क्लायमेटचं ज्ञान आहे. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती’ या म्हणीत स्वातीचा पाऊस पडेलच असं म्हटलेलं नाही, पडला तर काय होईल ते सांगितलं आहे. वेदर तिथे मोकळं सोडलं आहे, ही त्या म्हणीची हुशारी.

मान्सून केरळात पोहोचण्याची नेहमीची तारीख १ जून, हेही क्लायमेट. २०२५ मध्ये तो २४ मेलाच पोहोचला, हे वेदर.

पुढच्या आठवड्याचा पाऊस नीट सांगता येत नाही, मग पन्नास वर्षांनंतरचं कसं सांगतात?

कारण प्रश्नच दोन आहेत. पुढच्या वर्षी १२ जुलैला चोपड्यात पाऊस पडेल का, हे जगात कुणीही सांगू शकत नाही. पण पुढच्या वर्षी चोपड्यात फेब्रुवारीपेक्षा जुलैत जास्त पाऊस पडेल, हे तुम्हीही छातीठोकपणे सांगाल. दुसऱ्या विधानासाठी एकेका दिवसाची माहिती लागत नाही. सूर्य, समुद्र, जमीन आणि वारे यांचं वर्षाचं चक्र माहीत असलं की पुरतं.

एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवलं, की सुरुवातीच्या मापात अगदी बारीक फरक असला तरी पुढे अंदाज पार वेगळे होत जातात. म्हणून रोजच्या हवेचा तपशीलवार अंदाज साधारण दोन आठवड्यांच्या पुढे टिकत नाही. मोबाइलवर महिनाभराचा रोजचा पाऊस दाखवणारी चित्रं असतात, त्यांवर फवारणी ठरवू नका. क्लायमेटचा अंदाज कोणत्याही एका दिवसाबद्दल बोलतच नाही. हवेत उष्णता धरून ठेवणारे वायू वाढले तर सरासरी कुठे सरकेल, एवढंच तो सांगतो.

धुळ्यात पारा एका आकड्यावर आला. मग तापमानवाढ कुठे गेली?

पारावरचा हा आवडता प्रश्न. धुळ्यातली थंडी खरीच आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड, कोरडे वारे उतरतात, आकाश निरभ्र असतं, जमीन रात्रीतून पटकन निवते आणि पहाटे पारा एका आकड्यावर येतो. हे वेदर झालं, आणि धुळ्याच्या क्लायमेटला ते धरूनच आहे.

तापमानवाढ ही साऱ्या पृथ्वीच्या अनेक वर्षांच्या सरासरीची गोष्ट. २०११ ते २०२० या दशकात ती सरासरी १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.१ अंशाने जास्त होती. भारताचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०.७ अंशाने वाढलं. एवढ्याशा वाढीत थंड रात्री संपत नाहीत, त्या पूर्वीपेक्षा विरळ होत जातात. एका थंड पहाटेने तापमानवाढ खोटी ठरत नाही, तशी भुसावळच्या एका तापलेल्या दुपारने ती सिद्धही होत नाही. दुसरी बाजूही तेवढ्याच ठामपणे सांगायला हवी. नाही तर मुलांना वाटतं, की आपल्याला सोयीचं असेल तेव्हाच नियम लावायचा.

मग गारपीट झाली की ‘क्लायमेट चेंज’ म्हणायचं की नाही?

लगेच म्हणू नका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राला गारपिटीने झोडपलं, तेव्हापासून हा शब्द प्रत्येक अवकाळीला लावला जातो. एक गारपीट ही वेदरची घटना. क्लायमेट बदलल्यामुळे अशा घटना वाढल्या का, हे अनेक वर्षांच्या नोंदींवरूनच ठरतं. उष्णतेच्या लाटांबाबत हा पुरावा भक्कम आहे, गारपिटीबाबत तेवढा नाही. गारपीट लहान पट्ट्यात होते, थोड्या वेळात संपते, आणि जुन्या नोंदी अपुऱ्या आहेत.

शिवाय प्रत्येक नुकसानाला क्लायमेट चेंज म्हटलं, की नाला बुजवून बांधलेली भिंत, साफ न केलेली गटारं यांची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

ग्लोबल वॉर्मिंग आणि क्लायमेट चेंज एकच का?

पहिलं म्हणजे पृथ्वीच्या सरासरी तापमानाची वाढ. दुसऱ्यात ती वाढ येतेच, शिवाय पावसाचं बदललेलं वेळापत्रक, समुद्राची पातळी, वितळणारं बर्फ हेही येतं. ‘वेदर चेंज’ असा शब्द या अर्थाने वापरत नाहीत. वेदर तर रोजच बदलतं.

खानदेशाचं क्लायमेट एकच आहे का?

नाही. तापीचं खोरं उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा यांच्यामध्ये आहे. पावसाळी वारे सह्याद्री ओलांडून येईपर्यंत बरंच पाणी पलीकडे टाकून येतात, म्हणून धुळे, शिंदखेडा हा पट्टा कोरडा. नवापूर, अक्कलकुवा, धडगावकडे पाऊस चांगला. हवामान खात्याच्या नकाशात हे सगळं ‘मध्य महाराष्ट्र’ या एकाच उपविभागात मोडतं, तो पार कोल्हापूरपर्यंत जातो. म्हणून ‘मध्य महाराष्ट्रात मुसळधार’ अशी बातमी ऐकून अमळनेरकराने निष्कर्ष काढू नये, जिल्ह्याचा अंदाज उघडून बघावा.

हवेचा संबंध नसतानाही हे शब्द येतात, ते कसे वापरायचे?

क्लायमेट येतं ते एखाद्या समाजातल्या, बाजारातल्या किंवा राजकारणातल्या टिकून असलेल्या वातावरणासाठी: ‘पोलिटिकल क्लायमेट’, ‘बिझनेस क्लायमेट’. आपण म्हणतो ती निवडणुकीतली ‘हवा’ त्यापेक्षा चंचल असते, म्हणून तिला क्लायमेट म्हणताना विचार करा.

वेदरचे वाक्प्रचार बरेच आहेत. ‘अंडर द वेदर’ म्हणजे अंग जरा मोडून आलंय. ‘फेअर वेदर फ्रेंड’ म्हणजे चांगल्या दिवसांपुरता मित्र. ‘वेदर परमिटिंग’ म्हणजे पावसाने साथ दिली तर. वेदर क्रियापदही होतं, ‘टु वेदर द स्टॉर्म’, म्हणजे संकटातून तगून निघणं. क्लायमेटचं असं क्रियापद होत नाही. त्यावरून ‘अक्लायमटाइज’ झालं, म्हणजे हवा मानवणं.

क्रियापदाचा आणखी एक अर्थ खानदेशाच्या पायाखालचा आहे. ऊन, पाऊस आणि वारा यांनी खडक फुटून भुगा होणं म्हणजे ‘वेदरिंग’, भूगोलातलं विदारण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा खडक असा झिजला आणि कापसाची काळी माती तयार झाली.

क्लायमॅटिक आणि क्लायमॅक्टिक यांत काय फरक?

पहिला क्लायमेटवरून, दुसरा क्लायमॅक्सवरून. गोष्टीच्या कळसाला ‘क्लायमॅटिक’ म्हणू नका. दोन्हींच्या मुळाशी ग्रीकमधलं ‘कलणं’ या अर्थाचं क्रियापद आहे: क्लायमॅक्स म्हणजे शिडी आणि क्लायमेट म्हणजे उतार. सूर्याची किरणं कुठे किती कलून पडतात, त्यावरून ग्रीकांनी पृथ्वीचे पट्टे पाडले आणि तो शब्द तिथून आला. वेदर मात्र जुन्या इंग्रजीतलाच आहे.

खात्रीची माहिती कुठे मिळेल?

वेदरसाठी हवामान खात्याच्या मुंबई प्रादेशिक केंद्राचे जिल्हावार इशारे बघा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. मोबाइलवर ‘मौसम’, शेतीसल्ल्यासाठी ‘मेघदूत’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ही सरकारी ॲप मोफत आहेत. क्लायमेटच्या जुन्या नोंदी आणि सरासरीसाठी त्याच खात्याचं पुण्याचं कार्यालय आहे. मे-जूनमध्ये वळवाचे ढग जमले, की मळ्यात जाण्याआधी ‘दामिनी’ एकदा उघडाच. वीज कडाडत असेल तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात या.